निम्मा आवाज

उकंडाकाकांना कोणी नावाचा अर्थ विचारला की ते आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेत. थट्टा दिसली तर उत्तर नाही. खरंच माहीत नसलं तर सांगत, "माह्या आधीची लेकरं जगलीच नाही. मंग मी पैदा झालो तं मायनं मले उकंड्यावर नेऊन ठेवलं, आनं शेजारच्या बाईनं उचलून आनलं. कचरा म्हनून. कचऱ्यावर कोनाची नजर जात नाही ना." एवढं सांगून ते तंबाखू मळायला लागत.

माझे वडील आणि उकंडाकाका राजूरच्या कोळसा खाणीत एकाच पाळीत होते, म्हणून मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. उंच, काळेभोर, कमी बोलणारे. चिडले तरी आवाज चढत नसे. फक्त एक व्हायचं. मनाविरुद्ध काही घडलं की त्यांना मळमळायचं. माणूस रागावतो, रडतो, शिव्या देतो. उकंडाकाकांना ओकारी यायची. तुळसाबाई, म्हणजे काकू, म्हणायच्या, "याहीचं डोस्कं पोटात हाय."

त्यांचं गाव सावळधरा. मारेगाववरून आत वळलं की कापसाच्या वावरांमधून रस्ता जातो, मध्ये नाला लागतो. नाल्याच्या अलीकडे गाव, पुलाजवळ बौद्धांची वस्ती भीमनगर, आणि नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर गडमायचं देऊळ. चैत्रात तिची यात्रा भरते. पालखी गावातून निघते, भीमनगरासमोरून जाते आणि टेकडी चढते.

उकंडाकाकांचे वडील नानाजी पूर्वी त्या पालखीपुढे डफडं वाजवत. ते गावकीचं काम होतं, मेलेली ढोरं ओढण्यासारखंच. पालखी देवळात पोचली की नानाजींना खालच्या पायरीपासून लांब उभं राहावं लागे. पुजारी पळसाच्या पत्रावळीवर नैवेद्य आणून मातीत ठेवी आणि मागे सरके. नानाजींनी वाकायचं, कपाळ जमिनीला लावायचं, मग पत्रावळ उचलायची. गाव त्याला 'मान' म्हणे.

छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुढच्या वर्षी नानाजींनी ती घेतली आणि त्या चैत्रात डफडं वाजवलं नाही. गावानं त्यांना विहीर बंद केली, वावरातलं काम बंद केलं, दुकान बंद केलं. उकंडाकाका तेव्हा लहान होते. नाल्यातला झिरा खोदून आई पाणी भरायची, एवढं त्यांना आठवायचं. नानाजी पाच कोस चालत जाऊन रोजी करत, पण त्यांनी परत डफड्याला हात लावला नाही.

पुढे तालुक्याहून वाजंत्री आणायची पद्धत पडली. आणि मग एका वर्षी जे झालं, ते उकंडाकाका मोठ्या आवडीनं सांगायचे. पालखी पुलाजवळ आली. भीमनगरात टिनाच्या छपराखाली वंदना चालू होती. तेव्हाचे पाटील धावजी पालखीच्या पुढे होते. तेच धावजी, ज्यांनी विहीर बंद करवली होती. त्यांनी हात वर केला आणि वाजंत्र्यांना म्हणाले, "थांबा रे. थे लोकं प्रार्थना करून राह्यले." पालखी वस्तीसमोरून मुकाट गेली. भोयांच्या पायांचा आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या वर्षी भीमनगरातल्या बायांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचा रांजण ठेवला. त्या वर्षी कोणी प्यालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी एक वाजंत्रीवाला प्याला, तो परगावचा होता. मग भोई प्यायले. मग सगळेच. त्यासाठी ना बैठक झाली, ना भाषण. पालखी वस्तीपुढे मुकी व्हायची, वस्ती पाणी ठेवायची. उकंडाकाका दर वर्षी यात्रेत जात, विळा घेत, काकूंसाठी जिलबी घेत. टेकडी चढत नसत. "का नाही चढत?" असं कोणी विचारतही नसे.

"त्याहीचा देव त्याहीपाशी, आमचा धम्म आमच्यापाशी," ते म्हणायचे. "रस्ता दोघाईचा."

खाणीत त्यांचा जोडीदार होता खेमसिंग, पलीकडच्या तांड्यातला. दोघं एकाच सायकलवर राजूरला गेले आणि एकाच वर्षी नोकरीला लागले. खाली, अंधारात, डबे उघडले की कोणाचा हात कोणाच्या डब्यात गेला हे दिसत नसे. वर आल्यावरही मग तीच सवय राहिली. खेमसिंग बोलका, हसरा. उकंडाकाकांच्या वाट्याचंही तोच बोलायचा. निवृत्त झाल्यावर दोघं गावी परतले. एकानं नाल्याच्या अलीकडे घर बांधलं, दुसऱ्यानं पलीकडे.

धावजी पाटील गेले. मुलगा देवराव मोठा झाला, सरपंच झाला, देवस्थान समितीचा अध्यक्षही झाला. देवराव बापापेक्षा फार गोड बोलायचा. पायऱ्यांना फरशी बसली, कमान झाली, वाजंत्रीच्या जागी डीजे आला. आणि तीन-एक वर्षांपूर्वी यात्रेच्या आधी ग्रामपंचायतीत बैठक बोलावली गेली. भिंतीवर फलक होता: 'सामाजिक सलोखा बैठक'. भीमनगरातून उकंडाकाका आणि धम्मरत्न, तांड्यातून खेमसिंग, एक पोलीस जमादार, बाकी गावातले. टेबलावर समोसे होते. बैठकीचं वर्णन मला खेमसिंगनंच केलं.

देवराव उठला आणि उकंडाकाकांच्या पाया पडला. तिथंच काकांना शंका आली.

"भाऊ," देवराव म्हणाला, "अवंदा यात्रेले मोठे पाव्हणे येऊन राह्यले. आपलं गाव कसं एक हाय, थे दाखवाचं हाय. जुन्या काळी पालखीच्या पुढं पह्यला मान तुमच्या घराचा होता. थो मान आमाले वापस द्याचा हाय."

"कोनता मान?"

"डफड्याचा."

"माह्या बापानं थो टाकून देल्ला होता."

"जमाना बदलला, भाऊ. आता कोनी तसं मानते का?"

"मंग बदललेल्या जमान्यात जुनं डफडं कायले पाह्यजे?"

सगळे हसले, जणू काकांनी विनोद केला होता. मग धम्मरत्न बोलायला लागला. हा भीमनगरचा पुढारी. पांढरे कपडे, छातीवर निळा बिल्ला, चौदा एप्रिलला माईक हातातून सोडत नाही असा. भीमनगरच्या विहाराशेजारच्या जागेवर सभागृह बांधायचा अर्ज पंचायतीत कित्येक वर्षं धूळ खात पडला होता, आणि ते काम आपल्या नावावर लागावं ही त्याची धडपड होती.

"काका, हे असं असते," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "त्याहीनं आपल्या भावना जपाच्या, आपन त्याहीच्या परंपरा जपाच्या. याले समतोल म्हनते. यात्रेच्या दिवशीच सभागृहाच्या जागेचा ठराव होऊन राह्यला. देवरावभाऊनं शब्द देल्ला."

उकंडाकाका त्याच्याकडे न बघता देवरावला म्हणाले, "नैवेद्य कुठी ठेवसान?"

"म्हंजे?"

"डफडं वाजवून झाल्यावर नैवेद्य देत होते ना. थो कुठी ठेवसान? मातीत?"

"अरे बापा, हातात देऊ! पाटावर बसवून देऊ!" देवराव कान पकडत म्हणाला.

मग तांड्याची पाळी आली. पाहुण्यांच्या स्वागताला तांड्यातल्या बायांनी फेटिया-कांचळी हा जुना बंजारा पोशाख घालून नाचायचं, असं देवरावनं सुचवलं. खेमसिंग म्हणाला, "माही याडी, माही माय, फेटिया घालून वावरात निंदाले जाये. थे तिचे कपडे होते जी, नाटकाचे नाही." त्यावरही सगळे हसले. जमादारानं "कला जपली पाहिजे" असं काहीतरी म्हटलं.

उकंडाकाकांनी हातातला समोसा उलटसुलट करून पाहिला आणि ताटलीत परत ठेवला. खिडकीपाशी गेले, बाहेर थुंकले.

"समोसा ताजा होता," खेमसिंग मला म्हणाला. "म्या खाल्ला. त्याले वास दुसऱ्याच गोष्टीचा आला."

"मले मळमळून राह्यलं, मी जातो," म्हणून काका निघून गेले. बैठकीच्या इतिवृत्तात नंतर असं आलं की उकंडाजींनी प्रकृतीच्या कारणास्तव रजा घेतली आणि प्रस्तावाला कोणाचाही विरोध नव्हता.

उकंडाकाकांचा मुलगा संघदीप गावाच्या नळयोजनेवर होता. सकाळी व्हॉल्व्ह उघडायचा, दुपारी बंद करायचा, मोटार जळली तर खाली उतरायचं. नोकरी पक्की नव्हती, दर वर्षी सरपंचाच्या सहीनं पुढे जायची. देवरावनं त्याला धमकी वगैरे दिली नाही. फक्त एकदा टाकीपाशी गाठून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बुढे लोकं जुन्या गोष्टी धरून बसते. तू तं शिकलेला हायस." तेवढं पुरलं.

संघदीपनं घरी सांगितलं तेव्हा काका जेवत होते.

"नुसतं वाजवाचं हाय, बाबा. लग्नात नाही वाजवत का पोट्टे? आनं वस्तीले सभागृह भेटून राह्यलं. पानी गळते विहारात, लोकं छत्री घेऊन बसते."

"पानी गळते तं टिन बदल. म्या देतो पेन्शनमधून."

"टिनाची गोष्ट नाही हाय थे."

"मंग कायची हाय?"

संघदीपची बायको दीपमाला भाकरी थापत होती. ती तव्याकडे पाहतच बोलली, "कायची हाय थे सांगा ना. नोकरीची हाय. लाज वाटते तं डफड्याची वाटू द्या, नोकरी सांगाची कायले लाज?"

काकांनी ताट सारलं आणि अंगणात गेले. काकू मागून पाणी घेऊन गेल्या. बाप-लेकात त्यानंतर बोलणं झालं नाही.

यात्रेच्या दिवशी मी गेलो होतो. मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी होती आणि काकांनी बोलावलं होतं, "ये, जिलबी खाऊ" म्हणून. ते, खेमसिंग आणि मी टेकडीच्या पायथ्याशी दुकानांच्या रांगेत उभे होतो. तिथून देवळाच्या पायऱ्या समोरच दिसतात. ऊन टळटळीत होतं. पालखी आली. पुढे संघदीप. डोक्याला भगवा फेटा बांधलेला, कमरेला झालरीचं काहीतरी, गळ्यात भाड्यानं आणलेलं डफडं. चांगलं वाजवत नव्हता. त्याला येतच नव्हतं, येणार कुठून? पण मागं डीजे इतका मोठा होता की कोणाच्या लक्षात येत नव्हतं. त्याच्या शेजारी तांड्यातल्या चार-पाच बाया नाचत होत्या. आरशाचे कपडे नवेकोरे, कोणत्या तरी दुकानातून आणलेले. खेमसिंगनं मान फिरवली.

पायऱ्यांपाशी पाहुणे बसले होते. डीजे थांबला. निवेदक बोलायला लागला: शेकडो वर्षांची परंपरा, मधल्या काळात दुर्दैवानं खंडित, आज गावानं पुन्हा बंधूला हृदयाशी धरलं. 'दुर्दैवानं' हा शब्द त्यानं दोनदा वापरला. नानाजींनी जे आयुष्याची राख करून मिळवलं होतं, त्याला हा माणूस माईकवर दुर्दैव म्हणत होता.

मग पुजारी आला. त्याच्या हातात पत्रावळ होती. पाट नव्हता. संघदीपनं दोन्ही हात पुढे केले. पुजाऱ्यानं पत्रावळ शेवटच्या पायरीच्या खाली, मातीत ठेवली आणि मागे सरकला. त्याच्या मनातच हातात द्यायचं नव्हतं, की सवयीनं झालं, हे मला सांगता येणार नाही. त्याचा चेहरा अगदी साधा होता.

संघदीपचे हात तसेच पुढे राहिले. त्यानं देवरावकडे पाहिलं. देवराव पाहुण्यांच्या कानात काही सांगत होता. गर्दीतून कोणी तरी म्हणालं, "वाक ना लेका, तसंच असते."

तो वाकला. पत्रावळ उचलली. टाळ्या पडल्या.

एवढ्यात फोटोवाला पुढे आला. कपाळाला घाम, गळ्यात कॅमेरा. "दादा, ते पुन्हा ठेवा. मधे माणूस आला होता. एकदाच. सावकाश वाका, आणि कपाळ टेकवा, जुन्या पद्धतीनं."

पुजाऱ्यानं संघदीपच्या हातातून पत्रावळ घेतली आणि परत मातीत ठेवली. संघदीप परत वाकला. या वेळी सावकाश. कपाळ टेकलं. उठला तेव्हा त्याच्या फेट्याच्या काठाला आणि कपाळाला माती होती, आणि तो हसत होता. फोटोत हसायचं असतं म्हणून हसतात तसं.

उकंडाकाका जिलबीच्या दुकानामागे जाऊन ओकले. आधी जिलबी पडली, मग पाणी, मग नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या येत राहिल्या. खेमसिंग त्यांची पाठ चोळत होता. दुकानदार म्हणाला, "उन्हाचं झालं असन." मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "एक खेप लाचारीची होती. माफ. पन दुसरी खेप? फोटोसाठी?" आणि परत वाकले.

सगळ्यांत जास्त किळस मला आली ती संध्याकाळी, माझ्या फोनवर. तो फोटो शिक्षकांच्या गटात आला. खाली हात जोडलेली चित्रं, फुलं, 'किती सुंदर परंपरा', 'हाच खरा सलोखा'. ज्या बाई शाळेत स्वतःचा पेला वेगळा ठेवतात, त्यांनीही फुलं टाकली होती. दीपमालाच्या बचत गटातही तोच फोटो गेला. तिनं काही लिहिलं नाही. रात्री संघदीप जेवायला बसला तेव्हा तिनं फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "पाहून घ्या. हात पुढं केलते तुम्ही, थे यात आलंच नाही."

धम्मरत्न पेढे घेऊन आला. ठराव झाला होता, जागा मिळाली होती. उकंडाकाकांनी पेढ्याचा डबा बंद केला आणि त्याच्या हातात परत दिला.

"काका, समाजासाठी केलं," धम्मरत्न म्हणाला.

"वाकाले माहा पोरगा होता, समाज नव्हता. तू काहून नाही वाकला?"

"मी पदाधिकारी हाय."

"हो," काका म्हणाले. "जा."

पुढच्या चैत्रात संघदीप नाही म्हणाला. देवरावच्या घरी जाऊन, त्याच्या तोंडावर. देवराव म्हणाला, "काही हरकत नाही, बापा. जबरदस्ती थोडीच हाय." महिन्याभरात नळयोजनेवर दुसरा माणूस आला, आणि डफडं धम्मरत्नच्या पुतण्याच्या गळ्यात गेलं. एकदा छापील पत्रिकेत 'मानकरी' म्हणून रकाना आला की त्यात कोणाचं तरी नाव घालावंच लागतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या वर्षी पालखी पुलाजवळ आली तेव्हा भीमनगरात वंदना चालू होती आणि डीजे थांबला नाही. ट्रॅक्टरवर चढवलेल्या त्या पेट्यांनी विहाराची टिनं थरथरत होती. आत बसलेल्या बायांनी कानावर हात घेतले. काकूंचं 'बुद्धं सरणं' ओठांवर दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. दीपमालानं बाहेर ठेवलेला रांजण गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून पडला, आणि त्यावर पाय देऊन लोक नाचत पुढे गेले.

उकंडाकाका विहारातून उठले, रस्त्यावर गेले आणि ट्रॅक्टरपुढे उभे राहिले.

ड्रायव्हरनं ब्रेक मारला. पोरं ओरडली. देवराव पुढून धावत आला. मागच्या वर्षीसारखाच गोड.

"काय झालं, भाऊ?"

"बंद कर. वंदना चालू हाय."

"पन आता कायले?"

"तुह्या बापानं याच जागी हात वर केलता."

"अरे, तवा तुम्ही वेगळे होते ना!" देवराव म्हणाला, आणि खरोखर समजावून सांगत होता तो. "आता तं तुम्ही आमच्यातच आले. तुमचा मानूस पालखीच्या पुढं हाय. मंग वेगळी भावना कायची?"

हे वाक्य मला खेमसिंगनं सांगितलं, काकूंनी सांगितलं, दीपमालानंही सांगितलं. तिघांनी अगदी याच शब्दांत. विसरण्यासारखं नव्हतंच ते. वस्तीच्या तोंडाला मातीतला घास लावला, आणि मग म्हणाले, आता घरचे झालात, आता घरच्यासारखं सहन करा.

काका हलले नाहीत. खेमसिंग तांड्याकडून आला होता, तो येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. दोन म्हातारे, पुढे ट्रॅक्टर, आणि गाणं चालूच. शेवटी जमादार आला. त्यानं काकांना दंडाला धरून बाजूला घेतलं, पालखी गेली, आणि आठवड्यानं काकांच्या आणि खेमसिंगच्या नावानं नोटीस आली. शांतता भंग. बंद करा म्हणणाऱ्यावर शांतता भंगाची नोटीस, आणि डीजेवाल्याला शाल-श्रीफळ.

नोटिशीनंतर परत एक सलोखा बैठक झाली. परत समोसे. या वेळी देवराव तोडगा घेऊन आला होता. पालखी भीमनगरासमोरून जाईल तेव्हा आवाज निम्मा करायचा. दोन्हीकडच्या भावना जपल्या जातील. धम्मरत्ननं लगेच मान हलवली.

"निम्मा म्हंजे किती?" उकंडाकाकांनी विचारलं.

"निम्मा म्हंजे निम्मा, भाऊ. आता थेही मोजून द्याचा का?"

"तुह्या आईचं मयत घरात असन, आनं कोनी दारापुढं निम्मं नाचलं, तं चालन का तुले?"

देवरावचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. जमादार म्हणाला, "भाषा सांभाळा, आजोबा. आधीच तुमच्यावर केस आहे." ठराव मंजूर झाला. या वेळी विरोधाची नोंद करा असं काकांनी तीनदा सांगितलं, आणि लिहिणाऱ्यानं पेन खिशात ठेवलं.

तालुक्याच्या कचेरीत दोघांना बंधपत्र द्यायचं होतं: वर्षभर शांतता राखीन. जामीनदार लागत होता. खेमसिंगसाठी त्याचा भाचा आला. उकंडाकाकांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते बाकावर बसले होते. नाव पुकारलं गेलं तेव्हा मागून संघदीप पुढे आला. हातात कागदपत्रांची पिशवी, अंगावर नळयोजना सुटल्यावर धरलेल्या कापसाच्या जिनिंगमधल्या कामाचे कपडे, केसांत सरकीचा कचरा.

"नातं?" बाबूनं विचारलं.

"मुलगा."

"वडील पुन्हा असं करणार नाहीत याची हमी देता?"

संघदीप म्हणाला, "हमी त्याहीच्या येण्याजाण्याची देतो साहेब. बाकी त्याहीले विचारा."

बाबूनं कंटाळून शिक्का मारला. त्याला जेवायला जायचं होतं.

बाहेर येऊन तिघं चहाच्या टपरीवर बसले. वर्षभरात बाप-लेक इतके जवळ बसले नव्हते. संघदीप पेल्यात पाहत म्हणाला, "पह्यल्या खेपेले घाबरलो होतो, बाबा. दुसऱ्या खेपेले कोनाचं भेव नव्हतं. फोटो चांगला यावा असं वाटलं. मले त्याचीच शिसारी येते."

मुलाच्या केसांतला सरकीचा तुकडा उकंडाकाकांनी बोटानं काढला, टाकला. "येऊ दे," म्हणाले. "येत राह्यली पाह्यजे थे."

सभागृह आता उभं आहे. पक्कं, गुळगुळीत फरशीचं, दारावर संगमरवरी पाटी, त्यावर देवराव, धम्मरत्न आणि त्या पाहुण्यांची नावं. पाऊस आत येत नाही. तिथं वाढदिवस होतात, हळदीचे कार्यक्रम होतात, सलोखा बैठकाही आता तिथंच होतात. पौर्णिमेची वंदनाही तिथंच व्हावी असं धम्मरत्ननं ठरवलं आणि उकंडाकाकांना पुढची खुर्ची देतो म्हणून निरोप पाठवला. काका गेले नाहीत. ते जुन्या टिनाखाली बसतात. काकू असतात, दीपमाला, संघदीप, आणखी चार-पाच घरं. बाकीची वस्ती सभागृहात जाते. तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही. भर पावसात छत्री घेऊन कोण बसेल?

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा काका संघदीपबरोबर टिनावर चढून नवे खिळे ठोकत होते. खाली खेमसिंग शिडी धरून उभा होता आणि एकसारखा सूचना करत होता. शेजारून, सभागृहातून, कोणाच्या तरी सत्काराची माईक चाचणी चालू होती. हॅलो, हॅलो, बंधू आणि भगिनींनो.

"आज काय हाय तिथं?" मी विचारलं.

काकांनी वरूनच थुंकी टाकली, सभागृहाच्या उलट्या बाजूला, आणि म्हणाले, "मले नको सांगू. आत्ताच जेवलो म्या."